बफर

परवा बाळूदादाचा मेसेज आला. तीन वर्षांनी. 'कसा आहेस' वगैरे काही नाही, नुसता मोजणीच्या नोटिशीचा फोटो. येत्या मंगळवारी सकाळी दहाला हद्द कायम मोजणी, लगतच्या खातेदारांनी हजर राहावे. लगतचा खातेदार म्हणजे मी. बाळूदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मला विहिरीत ढकलून पोहायला त्यानेच शिकवलं. आता आमच्या दोघांच्या रानांमध्ये एक बांध आहे, आणि तो नक्की कुठे आहे हे सरकारने येऊन सांगायचं आहे.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बांध म्हणजे दोन शेतांच्या मधली मातीची उंच पट्टी. आमच्या आजोबांनी दोन्ही मुलांना वाटणी करून दिली तेव्हा या बांधावरून बैलगाडी जायची. त्यावर दोन बाभळी होत्या, एक बोर, एक म्हातारं जांभूळ आणि घाणेरीची जाळी. जाळीत लाव्हे असायचे. त्यांची पिल्लं आईच्या मागून तुरुतुरु पळायची ती पाहायला आम्ही दुपारची झोप मोडून जायचो. मुंगूस तर ठरलेलंच. बांधावरचं गवत कुणीही कापायचं, बोरं कुणीही खायची, शेळी कुणाचीही चरायची, त्यावरून कधी कुणी कुणाला बोलल्याचं आठवत नाही.

मग ट्रॅक्टर आले. 'बांध कोरणे' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. दरवर्षी नांगरताना एक वीत आत जायचं. एका वितीचं कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आलं तर पुढच्या वर्षी त्यानेही आपल्या बाजूने एक वीत आत यायचं. आज आमचा बांध एवढा उरलाय की एकजण चालत असेल तर समोरून येणाऱ्याने उसात उतरायचं. जांभूळ २०१६ साली वाळलं. मुळं कुणाच्या बाजूने तुटली यावर वाद आहे. (मला विचाराल तर दोन्ही बाजूंनी. पण मला कोण विचारतो.) २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापुरात महापूर आला. आमचं रान नदीपासून लांब, पण त्या पावसात हा बारका बांध तीन ठिकाणी फुटला आणि आमच्या वरच्या रानातली माती वाहून दादाच्या उसात जाऊन बसली. तिथून तक्रारी सुरू झाल्या, पुढे बाबा गेले, आणि हळूहळू बोलणंच थांबलं.

असो. तर ती नोटीस वाचताना माझ्या मनात जो शब्द आला तो 'बांध' नव्हता. 'बफर' होता.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला कोल्हापूरच्या स्टेशनवर. कोल्हापूर हे लाइनचं शेवटचं स्टेशन. मिरजेहून आलेली गाडी पुढे कुठेच जात नाही. लहानपणी बाबा मला रूळ संपतात तिथे घेऊन गेले होते. तिथे एक भक्कम अडसर आहे. त्याला बफर म्हणतात, ते म्हणाले. कशाला असतो? "गाडी थांबली नाही तर आपटायला." मग त्याला लागत नाही का? बाबा हसले, "त्याचं कामच ते आहे." डब्याडब्यांच्या मधल्या त्या गोल लोखंडी थाळ्याही त्यांनी दाखवल्या. त्याही बफरच. दोन डबे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून धक्का खायला ठेवलेल्या.

पुढे हाच शब्द माणसं राहत असलेल्या जागेला लावलेला ऐकला तो ताडोब्यात. २०१८ च्या एप्रिलमध्ये आम्ही मोहर्लीला गेलो होतो. सकाळची सफारी संपवून जिप्सी जंगलाबाहेर पडली तसा गाईड म्हणाला, "कोअर संपला, आता बफर लागला." जंगल तेच, झाडं तीच, धूळ तीच. बायकोने विचारलं, मग फरक काय? तो म्हणाला, "आता माणूस दिसला तर भिऊ नका."

आम्ही सगळे हसलो. तोही हसला.

ताडोबा-अंधारीचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. त्याच्या भोवती २०१० साली अकराशे चौरस किलोमीटरचं बफर क्षेत्र जाहीर झालं. म्हणजे गाभ्यापेक्षा त्याचं वेष्टण मोठं. त्यात पाऊणशेहून जास्त गावं आहेत. २००६ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ही दोन्ही क्षेत्रं कायद्यात आली. गाभा वाघासाठी अबाधित ठेवायचा, आणि बफरमध्ये माणूस आणि प्राणी यांचं सहजीवन वाढवायचं, लोकांचे उपजीविकेचे हक्क मान्य करून. हद्द ठरवताना ग्रामसभेचा सल्ला घ्यायचा असंही त्यात लिहिलंय. कागद वाचला तर वाईट काहीच नाही. आणि हिशेबाने पाहिलं तर वाघाला त्याचा उपयोगही झालाय. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ च्या गणनेत ३१२ झाले, २०२२ च्या ४४४. नर वाघ वयात आला की त्याला स्वतःचा मुलूख लागतो. गाभा भरलेला असतो. मग तो बाहेर पडतो, आणि बाहेर म्हणजे पहिल्यांदा बफर.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो तिथल्या आजी रोज पहाटे मोहफुलं वेचायला जायच्या. एप्रिल म्हणजे मोहाचाच हंगाम. फुलं रात्री गळतात, उजाडायच्या आत गेलं नाही तर हरणं आणि गुरं खाऊन टाकतात. मी म्हटलं, मीही येतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी नका येऊ जी. वाकून वेचा लागते. वाकलेला माणूस त्याले जनावर वाटते." आदल्या वर्षी त्यांच्या शेजारची बाई अशीच वाकलेली असताना गेली. आजींनी हे चहात साखर घालता घालता सांगितलं. मग त्या पाटी घेऊन निघून गेल्या, आणखी तिघीजणी बरोबर होत्या, एकीच्या हातात पत्र्याचा डबा वाजवायला. मी अंगणात उभा राहून तो डब्याचा आवाज लांब जाताना ऐकत होतो. सफारीला जाताना मला वाघ दिसावा असं वाटत होतं. त्या पहाटे वाटलं नाही.

बफरच्या गावांसाठी काही केलं जात नाही असंही नाही. २०१५ पासून जन-वन विकास योजना आहे. सरपणासाठी बायकांना जंगलात जावं लागू नये म्हणून गॅस मिळाला. पर्यटनातून गाईड आणि ड्रायव्हर तयार झाले. माणूस मेला तर आता २५ लाख रुपये मिळतात. तरीही मोह आणि तेंदूचा हंगाम आला की दरवर्षी चंद्रपूरच्या बातम्या वाचताना पोटात गोळा येतो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी, एकाच ठिकाणी गेल्या. गॅसने चूल पेटते, तेंदूपत्त्याचे पैसे त्यातून येत नाहीत.

तिथून आल्यावर मला आजोबांची एक गोष्ट आठवत राहिली. आजोबांना आमच्याच जिल्ह्यातल्या वडगावच्या थोरातांचा फार अभिमान. जनरल एस. पी. पी. थोरात. "कोरियात दोन भावांच्या बांधावर राखणीला गेला होता," असं ते सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, थोरात साहेब कुठेतरी माळ्यावर गोफण घेऊन बसले असतील.

मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, आजोबांची उपमा काही फार चुकीची नव्हती. २७ जुलै १९५३ ला कोरियातलं युद्ध थांबलं. दोन्ही सैन्यांनी दोन-दोन किलोमीटर मागे सरकायचं ठरलं आणि मधे चार किलोमीटर रुंद, अडीचशे किलोमीटर लांब असा पट्टा तयार झाला. मायदेशी परत जायला तयार नसलेले बावीस हजारांहून जास्त युद्धकैदी होते, त्यांना सांभाळायला भारताची फौज गेली. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आमच्या भूमीवर भारतीयांचं पाऊल पडू देणार नाही असं जाहीर केलं. मग आपल्या सैनिकांना जहाजातून थेट हेलिकॉप्टरने उचलून त्या पट्ट्यात नेऊन उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव हिंद नगर. कैद्यांनी एकदा एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत धरून ठेवलं तेव्हा त्याला सोडवायला थोरात स्वतः आत गेले. गोळी चालवली नाही. १९५४ च्या सुरुवातीला हे काम संपलं आणि फौज परत आली. पट्टा मात्र आजही तसाच आहे, कारण शांततेचा करार कधी झालाच नाही.

त्या पट्ट्यात सत्तर वर्षांत माणसाने नांगर जवळपास घातलाच नाही. जमिनीत लाखांनी सुरुंग. आणि तिथे आता काय आहे? अस्वलं, कस्तुरीमृग, आणि लाल डोक्याचे दुर्मीळ क्रौंच हिवाळ्यात उतरतात. वाचल्यावर पहिल्यांदा मीही भारावून गेलो होतो. माणूस हटला की निसर्ग परत येतो वगैरे. पण ते क्रौंच खातात काय, तर पट्ट्याला लागून असलेल्या नियंत्रित भागातल्या भातशेतीत सांडलेले दाणे. तिथे शेतकरी परवाना दाखवून, चौकीवरून, शेतावर जातात. आणि खुद्द पट्ट्याच्या आत दक्षिणेकडे एक खेडं आहे, देसाँग-दाँग. दीडशेच्या आसपास वस्ती. त्यांना कर माफ, सक्तीची लष्करी सेवा माफ. बदल्यात रात्री घराबाहेर पडायचं नाही, आणि वर्षातले आठ महिने तिथेच राहायचं, नाहीतर हक्क गेला. त्या खेड्यात दक्षिणेने ऐंशीच्या दशकात शंभर मीटरच्या जवळपास उंच झेंड्याचा खांब उभारला. मग समोरच्या खेड्यात उत्तरेने १६० मीटरचा! आमच्या भावकीतलीच गोष्ट वाटते की नाही?

ताडोब्याचं बफर क्षेत्रफळाने या पट्ट्यापेक्षा थोडं मोठंच आहे. एक वाघासाठी आखलं, एक तोफांसाठी. त्याही आधी १८९५ मध्ये रशिया आणि ब्रिटिशांनी आपली साम्राज्यं एकमेकांना भिडू नयेत म्हणून अफगाणिस्तानला वाखानची एक चिंचोळी पट्टी जोडून दिली होती. नकाशात ती अजूनही शेपटासारखी लोंबते. दोन साम्राज्यं गेली, शेपूट राहिलं. आखणारे प्रत्येक वेळी बाहेरचे. त्यांना मध्ये मोकळी जागा हवी असते, आणि मोकळी जागा म्हणून जी दिसते तिथे कुणीतरी पहाटे पाटी घेऊन निघालेलं असतं. मोहर्लीच्या आजी वाघाच्या विरोधात नव्हत्या हो. वाघोबाला त्या नमस्कारच करायच्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हे बफर आखताना आपल्याला कुणी विचारल्याचं त्यांना आठवत नाही.

आता आमचा बांध. तिथे माणूस राहत नाही. राहायचे ते लाव्हे केव्हाच गेले. म्हणजे धक्का खायला कुणी उरलंच नाही, म्हणून तो थेट आमच्या दोघांच्या अंगावर येतो.

मंगळवारी मोजणी झाली की दगड रोवले जातील. मोजणीतून रेघ मिळते. रेघेला रुंदी नसते. तिच्या अलीकडची शेवटची ढेकळंही माझी आणि पलीकडची दादाची. याचा अर्थ, बांध हवा असेल तर तो कुणाच्या तरी जमिनीतूनच द्यावा लागणार. हे लक्षात यायला मला पन्नाशी गाठावी लागली.

काल रात्री हिशेब केला. बांधाची लांबी चारशे फूट. मी माझ्या बाजूने तीन फूट सोडले तर बाराशे चौरस फूट, म्हणजे एक गुंठ्याहून थोडं जास्त. वर्षाला टनभर ऊस कमी. साडेतीन हजार रुपये धरा. एवढे पैसे आमचे एका रविवारी मॉलमध्ये जातात. पण दादा पूर्णवेळ शेतकरी आहे, त्याचा टन आणि माझा टन सारखा नाही. त्यामुळे 'दोघांनी तीन-तीन फूट सोडूया' असं लिहिलेलं मी खोडलं. पुण्यात बसून त्याच्या जमिनीतली पट्टी आखणारा मी कोण?

शेवटी लिहिलं, "दादा, मी येतोय. मोजणी होऊ दे. दगड रोवले की माझ्या बाजूने मी सहा फूट सोडणार आहे. माती चढवून घेऊ. झाड कुठलं लावायचं ते तू सांग."

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारच्या कोयनेचं तिकीट काढलंय.