ह्युएन-त्संगच्या शहरात एकटेच

खेळाडू देशोदेशी फिरतो, असे लोक कौतुकाने म्हणतात. खरे पाहता खेळाडू फार काही बघत नाही. तो स्टेशन बघतो, हॉटेल बघतो, मैदान बघतो आणि सामानाची पिशवी उचलून परत येतो. आमच्या खात्याच्या व्हॉलीबॉल संघाबरोबर आम्ही अर्धा भारत फिरलो. पण कोणी विचारले की अमुक गाव कसे आहे, तर तिथल्या मैदानाच्या मातीपलीकडे आम्हाला काही सांगता येत नसे. याला अपवाद एकच. चीनमधील शीआन शहर.

२०१२ च्या ऑक्टोबर महिन्यात आमचा संघ मैत्रीचे सामने खेळायला चीनला गेला होता. शीआनच्या पहिल्याच सामन्यात ब्लॉकला उडी मारताना चेंडू उजव्या हाताच्या बोटांवर बसला आणि दोन बोटे सुजून वांग्यासारखी झाली. डॉक्टरांनी पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी सारा संघ सरावाला निघाला तेव्हा कोच म्हणाले, "तू आज आराम कर. संध्याकाळी पाचला सामन्याची बस निघेल, तेव्हा खाली हजर राहा." आराम कसला करणार? खोलीतल्या टीव्हीवरचे एक अक्षर कळत नव्हते. आदल्या दिवशी दुभाषी म्हणून आलेल्या एका विद्यार्थिनीने आम्हाला एका कार्डावर हॉटेलचा पत्ता चिनीत लिहून दिला होता. कार्डाच्या मागे तिने आणखी एक नाव लिहिले होते: दा-यान-था, म्हणजे रानहंसाचा मोठा मनोरा. ते कार्ड खिशात घातले आणि आम्ही एकटेच बाहेर पडलो.

शीआन म्हणजे जुने छांग-आन, थांग घराण्याची राजधानी. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला ह्युएन-त्संग म्हणून वाचले तो भिक्खू याच शहरातून भारतात आला. बादशहाची परवानगी नसताना, सन ६२९ च्या सुमारास तो निघाला. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून तो भारतात पोहोचला, नालंदा विद्यापीठात आचार्य शीलभद्रांच्या हाताखाली शिकला, आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घोड्यांवर लादून परत आला. ते ग्रंथ आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून त्याच्या विनंतीवरून ६५२ साली हा मनोरा बांधला गेला. एवढे वाचून ठाऊक होते. मनोरा नेमका कुठे आहे, ते मात्र ठाऊक नव्हते.

रस्त्यावर आलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच एक गोष्ट लक्षात आली. आम्ही निरक्षर झालो होतो. पदवीधर माणूस, मराठी, हिंदी, इंग्रजी वाचणारा. पण समोरच्या दुकानात औषधे मिळतात की चपला, ते आत डोकावल्याशिवाय कळत नव्हते. बसवर पाटी होती, थांब्यावर नावांची लांबलचक यादी होती, आणि आमच्यासाठी ती नुसती नक्षी होती.

त्या क्षणी आईची आठवण झाली. आमची आई लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. हॉस्पिटलात आयाचे काम मिळाले. बसचा नंबर ती आकार बघून ओळखायची. हा आकडा विळ्यासारखा, तो पोट आलेल्या माणसासारखा. पाऊस पडून पाटी धूसर झाली की शेजारच्याला विचारायची. त्यावर कोणी तरी खेकसायचे, "एवढी मोठी पाटी आहे, दिसत नाही का?" पाटी तिला दिसत होती. पाटी दिसणे आणि पाटी वाचता येणे यांत केवढे अंतर आहे, ते आम्हाला शीआनच्या फुटपाथवर उभे राहिल्यावर कळले.

मग आम्ही आईचीच युक्ती धरली. त्या विद्यार्थिनीने जेवताना चार दिशांची अक्षरे काढून दाखवली होती. उत्तरेला पेइ म्हणतात. ते अक्षर मुळात एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या दोन माणसांचे चित्र आहे. दक्षिण म्हणजे नान. वर फुली, खाली चौकट आणि चौकटीच्या पोटात किमतीच्या पाटीवर असते तशी युआनची खूण. पूर्व म्हणजे तुंग आणि पश्चिम म्हणजे शी. पेइचिंग म्हणजे उत्तरेची राजधानी, नानचिंग म्हणजे दक्षिणेची, आणि शीआन म्हणजे पश्चिमेची शांती. एवढे कळल्यावर रस्त्यांच्या पाट्या थोड्या बोलू लागल्या. शहराच्या मधोमध १३८४ साली बांधलेला घंटेचा मनोरा आहे आणि तिथून चार दिशांना चार मोठे रस्ते जातात. नानचा रस्ता धरून आम्ही तटाच्या दक्षिण दरवाजाशी आलो.

हा तट मिंग घराण्याच्या काळचा आहे. घेर जवळजवळ १४ किलोमीटर, उंची १२ मीटर, आणि वरची वाट इतकी रुंद की लोक भाड्याची सायकल घेऊन फिरतात. तटाबाहेर खंदक आणि त्याच्या काठाने बाग. त्या बागेत म्हातारी माणसे व्यायाम करीत होती, बायका गाण्यावर नाचत होत्या. एक आजोबा मात्र वेगळेच काम करीत होते. काठीएवढा लांब कुंचला पाण्यात बुडवून ते फरशीवर अक्षरे लिहीत होते. शाई नाही, कागद नाही. ऊन लागले की लिहिलेले वाळून जायचे आणि ते पुन्हा पहिल्यापासून लिहायचे.

आम्ही बघत उभे राहिलो. त्यांनी काहीतरी विचारले. आम्ही छातीवर हात ठेवून "इंडिया" म्हणालो. ते कळेना. मग त्यांनीच ओळखले आणि म्हणाले, "यिन-दू!" भारताचे हे चिनी नाव ह्युएन-त्संगनेच आपल्या प्रवासवर्णनात योग्य म्हणून ठरवले, आणि आजही चीनमध्ये तेच चालते. आजोबांनी कुंचला आमच्या हातात दिला. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून डाव्या हाताने धरला आणि वाकड्यातिकड्या अक्षरात आईचे नाव लिहिले. पंचेचाळिशीत विहारातल्या रात्रीच्या वर्गात ती हेच सर्वांत आधी लिहायला शिकली होती, आणि तिची अक्षरेही अशीच वाकडी यायची. आजोबांनी आमच्या अक्षरावरच्या शिरोरेषेवरून हवेत बोट फिरवले आणि मान डोलावली. थोड्या वेळात नाव वाळून गेले.

कार्ड दाखवत, "दा-यान-था" म्हणत, आम्ही तटाच्या कडेने पूर्वेकडे गेलो. आमचा उच्चार ऐकून लोक हसायचे, कारण चिनीत सूर बदलला की शब्द बदलतो. पण कोणी टाळले नाही. एक बाई तर हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली आणि रस्त्याकडे बोट दाखवून परत गेली. तो रस्ता सरळ दक्षिणेला जातो आणि त्याच्या टोकाला मनोरा दिसतो.

मनोरा सात मजल्यांचा, ६४ मीटर उंच, मातकट विटांचा आणि किंचित कललेला. दक्षिणेच्या चौकात हातात दंड घेतलेला ह्युएन-त्संगचा मोठा पुतळा आहे. आत लाकडी जिना आहे. वर चढून चारही खिडक्यांतून शहर पाहिले. भारतातून परतल्यावर हा माणूस गप्प बसला नाही. ६६४ साली मरेपर्यंत, सुमारे १९ वर्षे, तो भाषांतरच करीत होता. आपल्या महाराष्ट्रातही तो ६४१ च्या सुमारास येऊन गेला. पुलकेशी दुसरा त्या वेळी राजा होता. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. आमच्या मनात आले, त्यालाही सुरुवातीला पाट्या वाचता येत नसतील. वाट विचारत, खुणा करत, कोणाच्या तरी दारात पाणी मागतच तो पुढे गेला असेल.

दुपारी परत येऊन नगारखान्याच्या मागच्या मुसलमान मोहल्ल्यात जेवलो. तिथे एक प्रकार मिळतो. जाड भाकरी आणि रिकामा वाडगा आधी हातात देतात, भाकरी आपणच कुस्करायची, मग वाडगा आत नेऊन त्यावर मटणाचा रस्सा घालून आणतात. आपल्याकडे भाकरी कालवणात कुस्करतात तसेच. सुजलेल्या बोटांनी आम्ही मोठे मोठे तुकडे केले. शेजारच्या आजीबाईंनी ते बघून मान हलवली, वाडगा स्वतःकडे ओढला आणि हरभऱ्याएवढे बारीक तुकडे करून दिले. पैसे देताना दुकानदाराने अंगठा आणि करंगळी दाखवली. आम्हाला वाटले, फोन करायचा आहे की काय! पण चीनमध्ये एका हातावर दहापर्यंत मोजतात आणि ती खूण सहाची असते.

सव्वाचार वाजले. घंटेच्या मनोऱ्याखाली रस्ता ओलांडायला जमिनीखालून गोल भुयारी वाट आहे. तिला इतकी तोंडे आहेत की दोन फेऱ्या मारल्या तरी आमचे तोंड सापडेना. घाम फुटला. सामना चुकला तर संघात जागा राहील का, हा विचार डोक्यात. शेवटी थांबून पाट्या एकेक करून नीट पाहिल्या, आणि एका पाटीवर पाठीला पाठ लावलेली ती दोन माणसे दिसली. पेइ! आमचे हॉटेल उत्तरेच्याच रस्त्यावर होते. पाचला पाच मिनिटे कमी असताना आम्ही बसपाशी उभे होतो. चार दिशा, दार, माणूस आणि तोंड, अशी सात अक्षरे त्या दिवशी आम्हाला वाचता आली. त्यातल्या एका अक्षराने आम्हाला घरी आणले.

आता काळ बदलला आहे. त्या वेळी शीआनला मेट्रोची एकच लाइन होती. आता मेट्रो मनोऱ्यापर्यंत जाते, आणि मोबाइल धरला की पाटीचा अर्थही सांगतो. मुंबईला आल्यावर आम्ही सारी हकिगत आईला सांगितली. तिने मनोऱ्याबद्दल काही विचारले नाही, सामन्याबद्दलही नाही. एवढेच म्हणाली, "वाट विचारलीस तेव्हा कोणी ओरडलं नाही ना रे तुझ्यावर?" आम्ही नाही म्हणालो. "मग चांगलं गाव आहे," ती म्हणाली.

वाचक हो, आपल्या घरात, चाळीत, वस्तीत अजूनही कोणी मावशी, कोणी आजोबा आकार बघून बस ओळखत असतील. त्यांना आठवड्याला दोन अक्षरे शिकवा. सात अक्षरांनीही माणूस घरी पोहोचतो. तेवढी सवड नसेल, तर बसथांब्यावर कोणी नंबर विचारला की तो नीट सांगा.