खाडा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची पद्धत अम्मीच्या काळापासूनची. दूधवाला आला नाही की त्या तारखेवर फुली. मुलगा वर्षाचा झाला, मी पुन्हा शाळेत जाऊ लागले आणि त्याला सांभाळायला मावशी यायला लागल्या, तेव्हा त्याच चौकटीत त्यांच्याही खुणा सुरू झाल्या. दुधाची फुली काळी, मावशींची लाल. त्यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही.

महिन्याला पंधराशे, म्हणजे दिवसाचे पन्नास. मावशी भंडाऱ्यातच, दोन गल्ल्या पलीकडे राहत. मला साडेदहाला वर्गात उभं राहायचं, तर त्या दहाला यायलाच हव्यात. नाही आल्या की मुख्याध्यापकांना फोन, आणि माझे तास दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर. बाईच्या सुट्टीवर चिडणाऱ्या नोकरदार आईला निर्दयी म्हणणाऱ्यांनी ती सकाळ एकदा काढून बघावी.

त्या पावसाळ्यात मावशी चार दिवस आल्या नाहीत. ताप होता. महिनाअखेर मी दोनशे रुपये कापले. त्या काही बोलल्या नाहीत; पैसे मोजले आणि पदराच्या गाठीत बांधले. त्याच महिन्यात मलाही ताप आला होता. मी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली होती आणि माझा पगार पूर्ण आला होता. हा हिशेब मात्र मी मांडलाच नाही.

पुढच्या महिन्यात एका सकाळी त्यांचे डोळे लाल दिसले. मुलाला त्यांच्याकडे देताना माझ्या हाताला चटका बसला.

"मावशी, अंगात ताप आहे तुमच्या. आलात कशाला?"

"खाडा लागते नं मॅडम, म्हून आली."

तिसऱ्या दिवशी मुलगा तापला. मग आठवडाभर रजा मीच काढली. तीही पगारी.

पुण्यात 1980 साली मोलकरणींनी काम बंद केलं होतं, त्याची सुरुवात अशाच एका आजारपणातून झाली होती. खाडे झाले म्हणून एका बाईला कामावरून काढलं आणि आजूबाजूच्या बायका उठल्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आपल्या राज्यात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला. पण त्याचा भर नोंदणी आणि मदतीवर. आजारपणाची रजा द्यायची की नाही, हे अजून घराच्या मालकिणीच्या मर्जीवरच चालतं. आम्ही मुलांना हजरत अनस यांची गोष्ट सांगतो. दहा वर्षं त्यांनी पैगंबरांची खिदमत केली, पण एकदाही 'उफ्' ऐकावं लागलं नाही. मी ती वर्गात कितीदा सांगितली असेल!

त्यानंतर आम्ही ठरवलं, महिन्याला दोन सुट्ट्या आणि आजारपणाचे पैसे कापायचे नाहीत. फक्त आदल्या रात्री कळवायचं. त्या येणार नसतील त्या दिवशी त्यांची जाऊ येई. तिचे पैसे मी वेगळे देई.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या वर्षी ऐन रोवणीत मावशी तीन दिवस न सांगता गायब. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, ताप होता. पायांना चिखल्या झालेल्या मला दिसत होत्या. रोवणीची मजुरी माझ्या पन्नास रुपयांपेक्षा जास्त होती, हे मलाही ठाऊक होतं. मी काही विचारलं नाही. पण लाल पेन हातात घेऊन कॅलेंडरसमोर बराच वेळ उभी राहिले होते, हे कबूल करते.