पहार, झारा आणि गळ

ज्या घरात मासा कधी शिजला नाही, त्या घरच्या माणसाने मासे धरण्याच्या हत्यारांवर लेख लिहावा, हे कित्येक वाचकांस विसंगत वाटेल. तथापि हा लेख माशांविषयी जितका आहे त्याहून अधिक हत्यारांविषयी, आणि हत्यारांहूनही अधिक ती धरणाऱ्या हातांविषयी आहे. शिवाय ज्या संस्कृत भाषेच्या अध्यापनात आमचे आयुष्य गेले तिने गळासाठी ‘बडिश’ असा स्वतंत्र शब्द राखला आहे. आणि कालिदासाने शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी एका धीवरास रंगभूमीवर आणून त्याच्या पिढीजात धंद्याची बाजू त्याच्याच तोंडून मांडविली आहे. तेव्हा धीवरविद्येकडे आदराने पाहण्यास आम्हांस संकोच वाटण्याचे कारण नाही.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतात. सेवानिवृत्तीनंतर तेथील दोन हिवाळे आम्ही सहकुटुंब त्यांच्याकडे काढले. हे राज्य सरोवरांचे आहे. दहा हजारांहून अधिक सरोवरे तेथे मोजलेली आहेत, आणि हिवाळ्यात ती सर्व गोठतात. पाणी 4 अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असते, त्याहून थंड झाले की हलके होऊन वर येते, म्हणून जलाशय वरून खाली गोठत जातो आणि तळाशी मासे जिवंत राहतात, हा पाठ आम्ही वर्गात फळ्यावर आकृती काढून अनेकदा दिला होता. तो पाठ प्रत्यक्ष पायांखाली घेऊन चालण्याचा योग मात्र साठी उलटल्यावर आला.

चिरंजीवांच्या शेजारी ऐंशीच्या घरातील एक सद्गृहस्थ राहतात. सुतारकाम करून ते निवृत्त झालेले. त्यांच्या मोटारीच्या कोठीत एका भिंतीवर बर्फावरच्या मासेमारीची सारी सामग्री टांगलेली होती, आणि तीत विकत आणलेले असे, गळाचा आकडा आणि दोरा सोडल्यास, जवळजवळ काहीच नव्हते. बर्फ फोडावयास एक पहार. जुन्या मोटारीच्या लोखंडी दांड्याला धार लावून ती केलेली. छिद्र पाडावयास हाताने फिरवावयाचे मोठे गिरमिट. छिद्रातील बर्फाचा चुरा काढून टाकावयास स्वयंपाकघरातला झारा, अगदी आपण भजी काढतो तसा, लांब दांडा जोडलेला. बसावयास उपडी बादली. येताना तीच मासे ठेवावयास.

गळाची काठी हातभर लांबीची, मोडक्या हॉकीच्या दांड्यातून तासलेली. तिला फिरकी नाही. दोन खुंट्या ठोकून त्यांवर दोरा गुंडाळलेला. प्रथम दोऱ्यास शिशाची गोळी बांधून ती तळापर्यंत सोडावयाची. गवंडी ओळंबा सोडतो तसाच हा प्रकार. तळ लागला की दोरा वीतभर वर घेऊन त्या ठिकाणी गाठ मारावयाची, आणि मग आकड्याला लहानशी अळी लावून चार बोटे वर, चार बोटे खाली असा गळ हळूच नाचवीत बसावयाचे.

त्या भिंतीवरील सर्वांत सुंदर वस्तू म्हणजे निशाणाची काठी. तिला तिकडे ‘टिप-अप’ म्हणतात. छिद्रावर एक पट्टी आडवी ठेवावयाची. तिच्यावर खिळ्याने दुसरी पट्टी अशी बसवावयाची की ती खालीवर झुलेल. आखूड टोकाला दोरा, लांब टोकाला तांबडी चिंधी. माशाने ओढ दिली की आखूड टोक खाली जाते आणि चिंधी वर उठते. आमच्या कोकणात विहिरीवर जी लाट असे, तिचेच हे धाकटे भावंड. काही काठ्यांना जुन्या घड्याळाची कमान लावलेली होती. ओढ बसताच ती सुटे आणि निशाण ताडकन उभे राही. दूर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ते दिसावे, अशी ती योजना.

आमचा दहा वर्षांचा नातू त्या भिंतीपुढून हलेना. गृहस्थांनी त्यास बर्फावर नेण्याची तयारी दाखविली, तेव्हा सूनबाईंचा जीव धास्तावला. “मामंजी, बर्फ फुटलं तर काय करायचं?” असा त्यांचा सरळ प्रश्न होता, आणि त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर त्या गृहस्थांनी दिले. त्यांनी मुठीत मावतील असे दोन लाकडी तुकडे घेतले, प्रत्येकात एकेक खिळा ठोकून त्याचे टोक घासून तीक्ष्ण केले, दोन्ही एका दोरीने जोडले आणि ती दोरी नातवाच्या गळ्यात घातली. माणूस पाण्यात पडला तर ओल्या हाताला निसरड्या बर्फाची कड धरवत नाही. हे खिळे बर्फात रोवून, पाय झाडीत, त्याने स्वतःस वर ओढून घ्यावयाचे, आणि वर आल्यावर उभे न राहता गडबडा लोळत दूर जावयाचे. ही क्रिया त्यांनी दिवाणखान्यातील गालिच्यावर नातवाकडून तीनदा करवून घेतली. मग पहार दाखविली. बर्फावर प्रत्येक पाऊल टाकण्यापूर्वी पुढे पहारीचा ठोका द्यावयाचा. घट्ट बर्फाचा आवाज एक, पोकळ बर्फाचा दुसरा. स्वच्छ, काळसर बर्फ 4 इंच असला तर माणसाने चालावे. पांढरा, बर्फकणांचा थर असेल तर त्याची ताकद अर्धीच धरावी. हे सर्व ऐकून सूनबाईंनीच नातवाचे मोजे काढून दिले.

हा बागुलबुवा नव्हे. 2023 च्या डिसेंबराअखेर त्याच राज्यातील अप्पर रेड सरोवरावर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटून गेला आणि त्यावरील शंभराहून अधिक माणसांस सोडवून आणावे लागले. 2023–24 चा हिवाळा मिनेसोटातील नोंदींत सर्वांत उबदार ठरला. बर्फाचे दिवस तेथे पूर्वीपेक्षा घटले आहेत. जेथे निसर्गाचा भरवसा कमी झाला, तेथे पहारीच्या ठोक्याची किंमत वाढली आहे.

त्या गृहस्थांच्या सामग्रीवरून आमचे लक्ष तिच्याही पूर्वजांकडे गेले. मिनेसोटातील मूळचे ओजिब्वे लोक बर्फात छिद्र पाडून त्यावर पालथे पडत आणि डोक्यावरून घोंगडी ओढून घेत. वरचा उजेड बंद झाला की खालचे पाणी उजळ दिसते. मग लाकडाचा कोरीव मासा, पोटात शिसे भरलेला, दोरीने पाण्यात फिरवावयाचा. त्यास पाहून मोठा मासा जवळ आला की भाल्याने टिपावयाचा. हीच युक्ती आपल्या काश्मीरातही आहे! श्रीनगरजवळच्या आंचार सरोवरावर कोळी थंडीत होडीच्या टोकाशी घोंगडी व पेंढा पांघरून, सावली करून, भाला रोखून निश्चल बसतात. या दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण पाण्यात पाहावयाचे असेल तर आधी स्वतः अंधारात बसावे लागते, हे दोघांनाही कळले. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांचा ‘काकिवाक’ नावाचा भाला तीन टोकांचा असतो. मधले टोक रुतते, बाजूचे दोन शिंगाचे लवचिक पाय फाकून माशास कवटाळतात. लाकूड दुर्मिळ अशा प्रदेशातील ही कारागिरी आहे.

कॅनडातील सरोवरांवर बर्फाखालून जाळे लावण्याकरिता एक फळी वापरीत. ती छिद्रातून खाली सोडली की बर्फाच्या तळाला चिकटून तरंगते. तिला एक तरफ असते; वरून दोरी ओढून ढिली केली की तरफ बर्फास रेटा देते आणि फळी सुरवंटासारखी पुढे सरकते. ती जाते तेथवर तिच्यामागून दोरी जाते, आणि दोरीमागून जाळे. चीनच्या जिलिन प्रांतातील छागान सरोवरावर तर बर्फाखालचे प्रचंड जाळे ओढावयास आजही घोडे रहाट फिरवितात. जाळ्याची भोके मुद्दाम मोठी ठेवतात, म्हणजे लहान मासे निसटून वाढावेत. त्या पद्धतीस चीनने 2008 मध्ये राष्ट्रीय वारशात स्थान दिले.

आता त्याच मिनेसोटाच्या बर्फावर दुसरेही जग आहे. चाकांवरची घरे ओढून नेतात. आत शेगडी, बिछाना, दूरचित्रवाणी. गिरमिटास यंत्र जोडलेले. ध्वनिलहरींनी पाण्यातील मासा दाखविणारे यंत्र पुष्कळांपाशी असते, आणि अलीकडच्या यंत्रांत तर मासा हलताना जसाच्या तसा पडद्यावर दिसतो. आम्ही यंत्राचे वैरी नाही. ज्याचे खांदे थकले त्यास यांत्रिक गिरमिट म्हणजे वरदान आहे. यंत्राने बर्फाची जाडी अचूक कळली तर कोण नको म्हणेल? परंतु चिरंजीवांनी आपल्या मित्राचे ते मासा दाखविणारे यंत्र शेजारच्या गृहस्थांपुढे केले, तेव्हा ते हसून म्हणाले, “मासा कोठे आहे हे त्याला ठाऊक असेल, तर मग मी येथे बसू कशाला?”

या विनोदात एक मोठे तत्त्व आहे. साधे हत्यार माणसास कमी देते, आणि त्या कमीपणामुळेच दोन गोष्टी राखते. पहिली म्हणजे मर्यादा. हिवाळ्यात क्रॅपी नावाचे मासे खोल पाण्यात एकत्र जमतात. यंत्राने ती जागा सापडली की तासाभरात बादली भरते. 30 फुटांहून खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या माशाच्या पोटातील हवेची पिशवी फुगते, आणि त्यांतले पुष्कळ परत सोडले तरी जगत नाहीत. फिनलंडच्या कायद्याने हे मर्म ओळखले आहे: साध्या काठीच्या गळाने किंवा बर्फावरील आखूड गळाने मासे धरणाऱ्याकडून तेथे सर्वसाधारणपणे कर घेत नाहीत, सामग्री वाढली की कर लागतो. गरीब हत्यार सरोवरास लुटू शकत नाही, हाच त्यातील भाव. आमचे शेजारी दोघांच्या जेवणापुरते मासे झाले की दोरा गुंडाळीत. नातवाने एकदा विचारले, “आबा, मासा मारणं पाप ना?” आम्ही त्यास इतकेच सांगितले की, आपण खात नाही हा आपला नेम, पण जो खातो, त्याने कोठे थांबावे हे जाणले तर त्याच्याही हाती एक धर्म असतो.

दुसरी गोष्ट आमच्यासारख्या वृद्धांच्या जिव्हाळ्याची आहे. घरी केलेल्या हत्यारास शिकविणारा लागतो. यंत्राबरोबर छापील पुस्तिका येते. आणि नातू ती आजोबांपेक्षा लवकर वाचतो. पण पहारीचा पोकळ ठोका कसा वाजतो हे कोणत्याही पुस्तिकेत ऐकू येत नाही. ते कानाने कानास द्यावे लागते. ज्या घरात असे देण्यासारखे काही उरत नाही, त्या घरात वृद्धांस मान मिळतो, औषध मिळते, पण काम मिळत नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस यातील दुःख समजावून सांगावयास नको.

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस त्या गृहस्थांच्या गुडघ्यांनी बर्फावर जाण्यास नकार दिला. त्यांची मुले दूर गावी. त्या भिंतीवरील वस्तू कोणास नको होत्या. त्यांनी पहार आमच्या नातवास दिली. त्यास ती अजून पेलत नाही. पण तेवढ्या अवधीत त्याने एका मोडक्या दांड्यातून स्वतःची काठी तासली होती, दोन खुंट्या वाकड्या ठोकलेल्या. आणि ती पाहून वृद्ध सुताराने त्या सरळ केल्या नाहीत, “दोरा धरतात ना, मग पुरे,” असे म्हणाले. गुरू म्हणून तीस वर्षे काढलेल्या आम्हांस तो शेरा फार मोलाचा वाटला.

ज्यांच्या माळ्यावर वडिलांचा रंधा, आजोबांची करवत किंवा आजीचे जाते पडून असेल, त्यांनी ते या सुट्टीत खाली काढून मुलांच्या हाती द्यावे. आणि जवळ बसावे. हत्यार मुलांस एक विद्या देईल. जवळ बसणे वडीलधाऱ्यांस त्यांचे काम परत देईल.