गळ कुठे अडकवायचा?

मासेमारीच्या रॉडवर, मुठीच्या जरा पुढे, एक बारीकशी कडी असते. तयार रॉड विकत घेणाऱ्या बहुतेकांचं तिच्याकडे लक्षही जात नाही. तिला हुक कीपर म्हणतात. मासेमारी चालू नसेल तेव्हा गळ त्या कडीत अडकवायचा आणि रीळ फिरवून दोरी ताणून घ्यायची. मग गळ लोंबत नाही. एवढंच तिचं काम. या कडीची किंमत मला कळली तेव्हा माझ्या भाच्याच्या हातात गळ रुतलेला होता.

आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठचं. माझे आजोबा बांबूच्या काठीने गरवायला जायचे. गळाला ते गरी म्हणत. काठीच्या बुडाशी त्यांनी जुन्या चपलेच्या रबराचा एक तुकडा सुतळीने बांधून ठेवला होता. परत निघताना गरी त्या रबरात टोचलेली असायची. ते दारात आले की आजी आधी विचारायची, "गरी टोचली ना?" मासे किती मिळाले, हे नंतर. लहानपणी मला वाटायचं, आजीला उगाच काळजी करायची सवय आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी मला स्वतः रॉड बनवायचा नाद लागला. कार्बनची कोरी कांडी मिळते, तिला ब्लँक म्हणतात. तिच्यावर मूठ, रीळ बसवायची जागा आणि दोरी ओवायच्या कड्या, म्हणजे गाइड, आपल्या हाताने बसवायचे. गाइडचे पाय नायलॉनच्या बारीक धाग्याने ब्लँकवर गुंडाळायचे, वरून एपॉक्सीचा थर द्यायचा आणि तो सुकेपर्यंत रॉड सावकाश फिरवत ठेवायचा, नाहीतर एपॉक्सी एका बाजूला ओघळतो. जिताडा आणि तांबोशीसाठी मी सात फुटांचा पहिला रॉड केला. हुक कीपर मुद्दाम बसवला नाही. एक वस्तू कमी, रॉड सुटसुटीत दिसतो, असं माझं मत. गळ अडकवायचा तर मुठीच्या पुढचा पहिला गाइड आहेच की.

या शहाणपणाचा पहिला फटका दोरीला बसला. गाइडच्या आत सिरॅमिकची गुळगुळीत रिंग असते, दोरी तिच्यावरून धावते. माझा गळ त्याच रिंगेत अडकत होता. गाडीवरून जाता-येता हादरे बसून तिचा टवका उडाला. डोळ्यांना तो दिसला नाही. विणलेल्या दोरीला मात्र लागला, आणि एका संध्याकाळी चांगला मोठा जिताडा दोरीसकट गेला. मी दोरीला शिव्या दिल्या. गाइड बोटाने चाचपून पाहायचं सुचलं नाही. (कापूस फिरवून पाहावा. टवका असेल तर तंतू अडकतो.)

दुसरा फटका ईदच्या सुट्टीतला. आपा मुलाला घेऊन मुंब्र्याहून आली होती. तो तेव्हा नऊ वर्षांचा. मी त्याला खाडीपलीकडे धोपाव्याच्या बाजूला घेऊन गेलो. असरच्या सुमारास आम्ही फेरीबोटीने परतत होतो. बोटीवर माणसं, मोटारसायकली, दोन रिक्षा. माझा रॉड खांद्यावर. गाइडमध्ये अडकवलेला लूर, म्हणजे प्लॅस्टिकचा खोटा मासा, कधी सुटला ते मला कळलं नाही. त्याला तीन टोकांचे दोन गळ होते. बोट धक्क्याला लागताना हादरली, कुणीतरी मागून हाक मारली, मी वळलो.

उन्हाची तिरीप येते म्हणून मुलाने हात कपाळावर आडवा धरला होता. गळ त्या हाताच्या पाठीत, उलट्या काट्यासकट आत गेला.

डॉक्टरांनी जागा बधिर केली, गळाचं टोक पुढे ढकलून कातडीतून बाहेर काढलं, उलटा काटा पकडीने तोडला आणि उरलेला गळ आल्या वाटेने मागे घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत सगळं झालं. पोरगा फार रडलाही नाही. आपा मला एक शब्द बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर फक्त म्हणाली, "तो हात खाली असता तर?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

अब्बा दुसऱ्या दिवशी फजरनंतर माझ्याजवळ येऊन बसले. ओरडले नाहीत. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने ते टोकाकडून हातात धरावेत, म्हणजे कुणाला लागणार नाहीत, असं पैगंबरसाहेबांनी (स.) सांगितलेलं आहे, त्याची त्यांनी आठवण दिली. ही हदीस मी मदरशात लहानपणीच ऐकली होती. तिरकमानाचा जमाना गेला, आता तिचं काय काम, असं कुठेतरी मनात धरून बसलो होतो. बाजारही होता, माणसंही होती आणि टोक माझ्याच खांद्यावर होतं.

त्यानंतर मी हुक कीपरचा नीट अभ्यास केला. वस्तू नखाएवढी, पण तिच्यात निवडायला बरंच आहे.

साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला, स्टीलच्या तारेची पक्की कमान. हलणारा भाग नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. मात्र ती कायम उभी राहते, तिच्यात दोरी अडकू शकते. दुसरा, दुमडणारी कडी. काम नसेल तेव्हा ब्लँकला चिकटून आडवी पडते. गळ अडकवायला सोपी, पण आपल्या खाऱ्या हवेत तिच्या बिजागरीत मीठ बसतं. दर वेळी गोड्या पाण्याने धुतली नाही तर ती जाम होते. तिसरा, रबरी रिंगांनी बसवायचा सुटा कीपर. धागा नको, एपॉक्सी नको, हवा तिथे सरकवा. उन्हाने रबर तडकतं, तेव्हा नवं घालायचं. समुद्राकाठी वापरायचा कीपर चांगल्या स्टेनलेस स्टीलचा किंवा टायटॅनियमचा घ्यावा. नुसता मुलामा दिलेला थोड्याच दिवसांत गंजतो. आणि विकत घेण्याआधी आपला सगळ्यात जाड गळ त्यातून जातो का ते पाहावं. बारीक गळांसाठी केलेल्या कमानीत जिताड्याचा गळ शिरतच नाही.

यानंतरचा प्रश्न जागेचा. आपल्याकडे सर्रास वापरतात त्या स्पिनिंग रिळाच्या रॉडला रीळ खाली लोंबतं आणि गाइडही खालच्याच बाजूला असतात. लूर फेकला की रिळावरून दोरी मोठी वेटोळी घेत सुटते. कीपर खालच्या बाजूला बसवला तर नेमका त्या वाटेत येतो, आणि एखादं वेटोळं त्यात अडकलं की दोरी तुटते किंवा लूर उडून जातो. म्हणून अशा रॉडला कीपर वर नाहीतर बाजूला बसवावा. रीळ आणि गाइड वरच्या अंगाला असतील, तर तो खाली किंवा बाजूला.

मुठीपासून किती अंतर? एका गळाची कोळंबी लावून बसणाऱ्याला बोटभर पुरे. लूरवाल्याने आणखी थोडं पुढे जावं. तीन टोकांच्या गळाचं एकच टोक कडीत जातं, दोन मोकळी राहतात. ती मूठ धरणाऱ्या बोटांपर्यंत पोचता कामा नयेत. लूरचा नेहमी शेपटीकडचा गळ अडकवावा, म्हणजे बाकीचा लूर शेंड्याच्या दिशेने राहतो. पोटाखालचा अडकवला तर शेपटीचा गळ थेट आपल्या हातावर येतो. आणि तीन टोकांना नुसता कीपर पुरत नाही. वरून जाड कापडाची पट्टी गुंडाळून ती वेल्क्रोने बंद करावी. हे सगळं एपॉक्सी लावण्याआधी ठरवायचं. कीपर आधी चिकटपट्टीने बसवायचा, रीळ लावायचं, लूर अडकवायचा आणि रॉड हातात घेऊन घरभर हिंडायचं.

चार वर्षं भाच्याने गरवायचं नाव काढलं नाही. मीही विषय काढला नाही. मागच्या मे महिन्यात त्याने स्वतःहून विचारलं, "मामू, मला पण एक रॉड बनवून देशील का?" मी आपाकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दे बनवून. नीट बनव."

मी जीव लावून रॉड केला. दुमडणारी कडी घेतली. तिच्या पायांची टोकं घासून निमुळती केली, म्हणजे धागा सरळ चढतो. चिकटपट्टी लावून दोन दिवस तपासलं, मग डाव्या बाजूला धाग्याने बांधून एपॉक्सीचे दोन हात दिले. ईदी म्हणून रॉड त्याच्या हातात दिला. त्याने लूर अडकवायला घेतला आणि थांबला. रॉड या हातातून त्या हातात केला, मनगट वाकडं केलं, तरी जमेना.

पोरगा डावखुरा आहे. रॉड डाव्या हातात धरतो, लूर उजव्या हातात. त्याला कडी उजव्या बाजूला हवी. चिकटपट्टी लावून घरभर मी हिंडलो होतो, तो नव्हता. ज्याच्या हाताला मी जखम केली, त्याचा कामाचा हात कुठला, हेच मी लक्षात ठेवलं नव्हतं.

"राहू दे मामू, सवय होईल," तो म्हणाला. मी नाही म्हटलं. नवं पातं घेऊन कडीच्या धातूच्या पायावरचा धागा चिरला. धागा कापायचा तो धातूवरच. उघड्या ब्लँकवर पातं चालवलं तर ओरखडा पडतो, आणि भार आला की रॉड तिथेच मोडतो. जुना एपॉक्सी गरम करून सोलला. या वेळी चिकटपट्टीने कडी त्याने लावली. मी ठेवली असती त्याहून अर्धा इंच पुढे. तिथेच बांधली.

ईदच्या तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा फेरीबोटीने धोपाव्याला गेलो. फक्त दोन शिंगाळे मिळाले. परत येताना धक्क्यावर गर्दी होती. त्याने लूर कडीत अडकवला, दोरी ताणली, कापडाची पट्टी गुंडाळली, बोटाने एकदा दाबून पाहिली. मग माझ्या जुन्या रॉडकडे बघून विचारलं, "मामू, तुझा अडकवलास ना?"

अडकवला होता. तरी मी पुन्हा एकदा पाहिलं.