मे. पुं. रेगे आणि परिभाषेचा प्रश्न

निगडीच्या प्राधिकरणात राहून तत्त्वज्ञानाचे अध्यापन करीत असताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : मराठीत तत्त्वज्ञान करता येते, की केवळ सांगता येते? कारखान्यांच्या या परिसरात तो उपयुक्ततेचा वाटतो. मला तो ज्ञानमीमांसेचा वाटतो. त्याचा विचार मे. पुं. रेगे (१९२४–२०००) यांना वगळून करता येत नाही. कीर्ती महाविद्यालयातील अध्यापन, 'नवभारत'चे संपादन आणि लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यानंतर मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकत्व या त्यांच्या कार्यांमागील आस्था एकच होती. १९८३ साली पुण्यात रसेलची 'प्रपोझिशन' ही संकल्पना नैयायिक पंडितांपुढे संस्कृतातून मांडली गेली. त्या संवादामागे रेगे होते. तेथे प्रतिशब्द पुरवून भागणारे नव्हते. न्यायदर्शनात यथार्थ वा अयथार्थ असते ते ज्ञान, आणि ज्ञान कोणा आत्म्याचे असते. मग ज्ञात्याहून स्वतंत्र असा विधानार्थ मानावाच कशाला? प्रतिशब्दाचा शोध असा थेट सिद्धान्ताच्या वादात शिरतो. म्हणूनच वर्गात फळ्यावर 'विधान' हा शब्द लिहिल्यावर मी त्याची व्याख्या लगेच देत नाही. तो शब्द स्वीकारताना आपण कोणता पक्ष स्वीकारला, हे विद्यार्थ्यांना आधी विचारतो.