पावसाळी हिरवा

एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकणं फारसं अवघड नाही. लेयर, मास्क, कर्व्ह हे सगळं हौशी माणसाच्याही हातात काही महिन्यांत बसतं. अवघड आहे तो सह्याद्रीतला पावसाळी हिरवा. कोवळ्या गवताला आपण हिरवं म्हणतो, पण रॉ फाइलमध्ये ते बरंचसं पिवळ्यात मोडतं. हिरव्याचा स्लायडर सरकवला की झाडी बदलते, गवत तसंच राहतं; पिवळा ओढावा तर मातीची वाट आणि कातळावरचं शेवाळंही त्याबरोबर बदलतं. मास्क लावून हे सोडवता येतं. सुटत नाही तो पुढचा प्रश्न : हिरवा वाढवायचा तो किती? हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, डोळ्याचा आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. पडद्यावरच्या रंगाला डोळा बघता बघता सरावतो. सॅच्युरेशन थोडं वाढवलं की क्षणभर दरी उजळते, मग तीच नेहमीची वाटू लागते आणि हात पुन्हा स्लायडरकडे जातो. त्यात आठवणीचीही भर पडते. परिचित वस्तूंचे रंग माणसं कसे आठवतात, यावरचा सी. जे. बार्टलसन यांचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवणीतलं गवत प्रत्यक्षापेक्षा अधिक हिरवं निघालं. म्हणजे पारखणारा डोळा बदललेला, आणि ज्या आठवणीशी ताडून पाहायचं तीही आधीच रंगलेली.

यावर जाणकार म्हणतात, पडदा कॅलिब्रेट करा. करावाच, पण त्याने पडदा सुधारतो, डोळा नाही. मूळ फोटो बाजूला ठेवून ताडून पाहा, असंही सांगतात. हिरव्याला सरावलेल्या डोळ्याला तो मूळ फोटो फिका, किंचित गुलाबी दिसतो आणि वाढवलेला हिरवाच खरा ठरतो. रंगाला हातच लावू नये, हे मत मला मुळीच पटत नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१मध्ये न्यू मेक्सिकोत टिपलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’च्या नंतरच्या प्रिंटमधलं आकाश सुरुवातीच्या प्रिंटपेक्षा कितीतरी काळं आहे, आणि ते त्यांनी जाणूनबुजून केलेलं आहे. सर्वांत वजनदार आक्षेप फिल्मवाल्यांचा : १९९०मध्ये आलेली फुजीची वेल्व्हिया हिरवा भडक करायचीच, मग आताच ओरड का? फरक असा, की वेल्व्हियाचा भडकपणा ठरलेला होता. फोटोग्राफर तो आधीच गृहीत धरून फ्रेम निवडायचा, आणि रात्री थकलेल्या डोळ्यांनी तो वाढवण्याची सोय नव्हती. स्लायडरचा भडकपणा मात्र त्या त्या वेळच्या डोळ्याच्या हवाली असतो.

तयार प्रीसेटांनी तर आणखी बिघडवलंय. आंबोली, माळशेज, ताम्हिणी, सगळ्या घाटांना एकच पोपटी रंग चढतो आणि प्रदर्शनांतून त्यालाच बक्षिसं मिळतात. माझ्या फोटोपुढे माणसं थबकावीत, ही हाव मलाही आहे, चांगलीच आहे. भडक हिरव्यापुढे ती थबकतात हेही मला ठाऊक आहे. म्हणून हिरवा ठरवला की मी फाइल बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी, दुसरं काहीही उघडण्याआधी, तीच पाहतो. वाढवलेल्यातला बराचसा भाग तेव्हा काढून टाकावासा वाटतो.

तरीही माझ्याच म्हणण्याला एक गोष्ट आडवी येते. करपलेले डोंगर महिनोन्‌महिने पाहिल्यावर जूनअखेरचा हिरवा खरोखरच अंगावर येतो, तोही डोळा तपकिरीला सरावलेला असतो म्हणूनच. ते दिसणं खोटं कसं म्हणायचं? जूनच्या फोटोत मी म्हणून हिरवा थोडा वाढू देतो. ऑगस्टच्या फोटोत नाही, कारण तोवर घाटात राहणाऱ्याला त्याची सवय झालेली असते. पण त्याच ऑगस्टमध्ये मुंबईहून एका दिवसासाठी आलेल्या माणसाच्या डोळ्याने पाहायचं झालं तर हिरवा किती ठेवायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.