आग्वादच्या तटाशीं दोन रात्री

गेल्या दिवाळींत आम्ही सहकुटुंब गोमंतकांतील सिकेरीच्या किनाऱ्यावर एका आलिशान विश्रामगृहांत उतरलों होतों. मऊ शय्या, तत्पर नोकरचाकर, दारांत समुद्र. उणें कांहींच नव्हतें. लगतच पोर्तुगीजांनीं १६१२ सालीं पुरा केलेल्या आग्वाद किल्ल्याचा तट आहे. त्यांच्या भाषेंत ‘आग्वा’ म्हणजे पाणी. गलबतें येथें गोडें पाणी भरून घेत. दुसऱ्या दिवशीं टेकडीपलीकडील, आतां संग्रहालय झालेला, जुना तुरुंग पाहिला. स्वातंत्र्यासाठीं झगडणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांस १९४६ सालीं याच किल्ल्यांत कोंडलें होतें.

रात्रीं लाटा ऐकतां ऐकतां नातवानें विचारलें, “आजोबा, त्यांनाहि हाच आवाज ऐकूं येत असेल ना?”

आम्हीं खिडकी उघडीच ठेविली. झोंप मात्र फार उशिरां लागली.